नोकरी सुटल्यानंतरचा देश

जगात राहायला सर्वांत चांगलं शहर कोणतं, या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं व्हिएन्ना असं दिलं जात आलं आहे. मर्सर या सल्लागार कंपनीच्या क्रमवारीत हे शहर २०१९पर्यंत सलग दहा वर्षं पहिलं होतं. इकॉनॉमिस्ट गटाच्या क्रमवारीतही २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तीन वर्षं पहिला क्रमांक त्याचाच. याच २०२२ साली इंटरनेशन्स या संस्थेनं परदेशात जाऊन राहिलेल्या लोकांनाच प्रश्न विचारून एक पाहणी केली. नव्या माणसाला रुळायला कोणतं शहर सोपं, या कसोटीवर तिच्यातल्या पन्नास शहरांत व्हिएन्ना शेवटचं आलं.

दोन्ही प्रकारच्या क्रमवाऱ्या आपापल्या जागी खऱ्या आहेत. मोजणी कुणासाठी केली, यावर सगळं अवलंबून आहे. इकॉनॉमिस्ट गटाची क्रमवारी स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा या पाच निकषांवर शंभरपैकी गुण देते. हे गुण प्रामुख्यानं कंपन्यांच्या कामाचे. शहराला ऐंशीच्या वर गुण असतील, तर तिथे पाठवलेल्या अधिकाऱ्याला गैरसोयीचा भत्ता देण्याची गरज नाही. पन्नास किंवा त्याहून कमी असतील, तर पगाराच्या वीस टक्के भत्ता द्यावा, असं त्यांचं कोष्टक सुचवतं. ज्याच्यासाठी ही मोजणी होते, तो माणूस बदलीवर आलेला असतो. घरभाडं कंपनी भरते, मुलं आंतरराष्ट्रीय शाळेत जातात आणि तीन-चार वर्षांनी पुढची बदली होते. त्याला त्या देशाचं नागरिकत्व मागायचं नसतं आणि तिथे म्हातारंही व्हायचं नसतं.

महाराष्ट्रातून बाहेर पडणारी बहुतेक माणसं अशी जात नाहीत. चिपळूणचा इलेक्ट्रिशियन कुवेतला जातो, पुण्याची इंजिनिअर न्यू जर्सीला, सांगलीची नर्स जर्मनीला. जाताना घरावर कर्ज असतं, आईवडील मागे असतात आणि 'पाच वर्षांनी परत येऊ' हे वाक्य पुढे पंधरा वर्षं पुरतं. या माणसांसाठी देशांची तुलना करायची, तर बागा, रेल्वे आणि ऑपेराच्या आधी काही वेगळेच प्रश्न विचारावे लागतात. नोकरी सुटली तर देशात किती दिवस राहता येईल? मूल सज्ञान झाल्यावर त्याचं काय? अंगातली ताकद संपल्यावर तिथे थांबता येईल का, आणि आयुष्यभर कापून घेतलेले पैसे परत मिळतील का? या प्रश्नांची उत्तरं घेऊन बसलं, की चकचकीत क्रमवाऱ्या उलट्यापालट्या होतात.

संयुक्त अरब अमिरातीपासून सुरुवात करावी, कारण रोजच्या जगण्यात मराठी माणसाला इतका सोयीचा देश दुसरा क्वचितच सापडेल. मुंबईहून विमानानं तीन तास. पगारावर प्राप्तिकर नाही. बाई रात्री एकटी टॅक्सीनं घरी येऊ शकते. कोथिंबीर, पापलेट, दिवाळीचा फराळ सगळं मिळतं, गणपती बसतो. अबू धाबीत फेब्रुवारी २०२४मध्ये मोठं दगडी मंदिर उघडलं. आणि एवढं असूनही देशातल्या दर दहा माणसांमागे नागरिक असलेला जेमतेम एक. बाकीचे सगळे व्हिसावर, आणि व्हिसा बहुतांशी नोकरीवर. दुबईत जन्मलेलं, तिथल्याच शाळेत शिकलेलं मूलही कायद्यानं आईबापाच्या नोकरीवर अवलंबून. नोकरी गेल्यावर पूर्वी महिनाभराची मुदत असे. आता काही वर्गांना ती सहा महिन्यांपर्यंत मिळते. सेवा संपल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी एकवीस दिवसांचा मूळ पगार आणि त्यापुढे दर वर्षी तीस दिवसांचा. निवृत्तिवेतन नाही. २०१९पासून दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा आला, २०२१पासून निवडक परकीयांना नागरिकत्व देण्याची तरतूद झाली. पण त्यासाठी अर्ज करता येत नाही, नाव वरूनच सुचवलं जावं लागतं.

तरीही दुबईवर फसवणुकीचा आरोप करता येत नाही. तिनं कायमचं ठेवून घेण्याचं वचन कधी दिलंच नाही. रत्नागिरी-रायगडातल्या ज्या कुटुंबांनी आखातातल्या पैशांतून गावात घर बांधलं, बहिणींची लग्नं केली, मुलांना शिकवलं आणि पन्नाशीत परतण्याची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवली, त्यांनी या देशांचा अगदी योग्य उपयोग केला. ज्यांनी दुबईला घर मानून गावचं घर विकलं, त्यांची साठी अवघड गेली.

शेजारचं कुवेत इंटरनेशन्सच्या पाहणीत वर्षानुवर्षं तळाला असतं. तरीही तिथे सुमारे दहा लाख भारतीय राहतात, कारण पाहणीतला प्रश्न आणि त्यांचा प्रश्न एक नाही. १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकनं कुवेत गिळलं, तेव्हा आयुष्यभराची बचत तिथल्या बँकांत अडकवून माणसं रिकाम्या हातानं अम्मानमार्गे निघाली. एअर इंडियानं दोन महिन्यांत एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना मायदेशी आणलं. पुढे युद्ध संपलं आणि त्यांच्यातले अनेक जण पुन्हा तिकडेच गेले. जून २०२४मध्ये मंगाफ इथल्या कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि किमान पंचेचाळीस भारतीय मेले. राहण्यायोग्यतेच्या कोणत्याही तक्त्यात त्या इमारतीतल्या खोल्यांना रकाना नाही. कंपनीनं भाड्यानं घेतलेल्या सदनिकेतला व्यवस्थापक आणि त्या खोलीतला फिटर यांचा कुवेत हा एकच देश आहे, असं मानून सरासरी काढणं हाच या तुलनांचा सर्वांत मोठा दोष आहे.

मॉरिशस याच्या अगदी विरुद्ध टोकाला. १८३४नंतर कोकणातून आणि देशावरून मजूर तिथे उसाच्या मळ्यांवर गेले ते करारानं बांधले जाऊन, अतिशय हलाखीच्या अटींवर. त्या काळी कुणी क्रमवारी काढली असती, तर मॉरिशस शेवटून पहिलं आलं असतं. आज त्यांचे वंशज त्या देशाचे नागरिक आहेत, शाळांमधून मराठी शिकवलं जातं आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. गुलामीसदृश मजुरीचं कौतुक कुणीच करू नये. पण पहिल्या पिढीचं सुख आणि तिसऱ्या पिढीचं स्थान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि देश निवडताना माणूस नकळत दोन्ही निवडतो.

अमेरिकेचं दुखणं वेगळं आहे. तिथे कायमचं राहण्याचं वचन आहे, फक्त त्याची तारीख कुणी सांगत नाही. १९९०च्या कायद्यानं नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला एक लाख चाळीस हजार ठरवली. त्यांतच नवरा-बायको आणि मुलंही मोजली जातात. शिवाय एका देशात जन्मलेल्यांना साधारण सात टक्क्यांची मर्यादा. आइसलँडला जेवढी, तेवढीच भारताला. परिणाम असा, की उच्चशिक्षितांच्या ज्या वर्गात बहुतेक भारतीय अभियंते येतात, त्यात २०२५ साली २०१२-१३च्या सुमाराचे अर्ज निघत होते. आज अर्ज करणाऱ्याला किती दशकं थांबावं लागेल, हे प्रामाणिकपणे कुणालाही सांगता येत नाही. दरम्यान नोकरी गेली, तर हातात साठ दिवस. एवढ्या दिवसांत नवी कंपनी शोधायची किंवा व्हिसाचा दुसरा मार्ग धरायचा. नाहीतर घर, गाडी, शाळा आवरून निघायचं. जोडीदाराला काम करण्याची परवानगी २०१५पर्यंत नव्हतीच, आणि त्यानंतरही ती ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्याच जोडीदारांना. दोन वर्षांची असताना आलेली मुलगी एकविसाव्या वाढदिवसाला आईबापाच्या रांगेतून बाहेर पडते. जिथे वाढली, त्या देशात राहण्यासाठी तिला परदेशी विद्यार्थिनी म्हणून अर्ज करावा लागतो. सप्टेंबर २०२५मध्ये एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झालं, तेव्हा एका रात्रीत किती घरांत हिशेब बिघडले असतील!

निवृत्तीचा मुद्दा याहून कमी चर्चिला जातो. अमेरिकेत पगारातून ६.२ टक्के सोशल सिक्युरिटीसाठी कापले जातात, तेवढेच मालक भरतो. त्याचं निवृत्तिवेतन मिळायला चाळीस तिमाह्या, म्हणजे दहा वर्षांचा भरणा लागतो. भारत आणि अमेरिका यांच्यात याबाबत परस्पर करार नाही. आठ वर्षं काम करून परतलेल्या अभियंत्याचा तो पैसा तिथेच राहतो. जर्मनीत साठ महिन्यांच्या भरण्यानंतर निवृत्तिवेतनाचा हक्क तयार होतो, आणि भारताशी २०१७पासून लागू असलेल्या करारामुळे ते भारतात बसूनही मिळू शकतं. दोन्ही देशांच्या पगाराची तुलना कॉलेजच्या कट्ट्यावर रोज होते. या ओळीची कधीच होत नाही.

पण अमेरिकेबद्दल एवढंच सांगून थांबणं अन्यायाचं होईल. बेळगावात वाढलेले, घरात मराठी बोलणारे श्री ठाणेदार १९७९ साली शिकायला ओहायोत गेले आणि २०२३च्या जानेवारीत मिशिगनमधून निवडून आलेले खासदार म्हणून त्यांनी शपथ घेतली. परक्या देशातून आलेल्या माणसाला इतक्या वर जाऊ देणारे समाज थोडेच. मात्र १९७९ची अमेरिका आणि २०१५ची अमेरिका हे भारतीयांसाठी दोन निरनिराळे देश आहेत. आधी गेलेल्या काकांच्या घराकडे पाहून पुतण्यानं निर्णय घेऊ नये, याचं कारण हेच. काकांच्या वेळी भारतीयांची रांग इतकी लांब नव्हती.

जर्मनीतलं पहिलं वर्ष कुणालाही आवडत नाही. भाषा येत नाही. परदेशी नागरिकांच्या कचेरीत भेटीची वेळ मिळायला महिने जातात. रविवारी दुकानं बंद. घर मिळेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो, आणि शेजारी हसून बोलायला दोन हिवाळे घेतात. म्हणूनच रुळण्याच्या पाहण्यांत जर्मनी नेहमी खाली. पण कायद्याचं पान उघडलं, की चित्र बदलतं. उच्चशिक्षितांसाठीच्या ब्लू कार्डावर आलेल्याला भाषेची मध्यम पातळी गाठली, तर एकवीस महिन्यांत आणि अगदी प्राथमिक भाषा येत असेल, तर सत्तावीस महिन्यांत कायमच्या वास्तव्याचा हक्क मागता येतो. माणूस कोणत्या देशात जन्मला, हे इथे कुणी विचारत नाही. वर्षभर विम्याचा भरणा झाल्यावर नोकरी गेली, तर निव्वळ पगाराच्या साठ टक्के, मूल असेल तर सदुसष्ट टक्के बेकारी भत्ता काही महिने मिळतो. जून २०२४पासून नागरिकत्वासाठीची मुदत आठ वर्षांवरून पाचवर आली.

याच सुधारणेत जर्मनीनं दुहेरी नागरिकत्वही मान्य केलं. तुर्की वंशाच्या लाखो लोकांसाठी यामुळे वाट मोकळी झाली, भारतीयांसाठी नाही. अडथळा बर्लिनमध्ये नसून दिल्लीत आहे. भारतीय राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५चा नागरिकत्व कायदा यांच्यानुसार स्वेच्छेनं परकं नागरिकत्व घेतलं, की भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना २००५पासून मिळणारं ओसीआय कार्ड ये-जा करायला आणि राहायला उपयोगी आहे, पण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडे दोन एकर असलेल्या कुटुंबाला या दुसऱ्या अटीचं वजन वेगळं सांगावं लागत नाही. त्यामुळे फ्रेंच किंवा ब्राझिलियन माणसासाठी जी तुलना सोपी आहे, ती भारतीयासाठी होत नाही. त्यांना एक पासपोर्ट वाढवायचा असतो, आपल्याला एक टाकायचा असतो.

सिंगापूर या सगळ्यांपेक्षा जास्त रोखठोक. स्वच्छ, सुरक्षित, कार्यक्षम. नोकरीच्या पासवर असलेल्या परदेशी माणसाचा भविष्यनिर्वाह निधीत भरणा होत नाही, म्हातारपणाची सोय त्यानं स्वतः करायची. कायम वास्तव्य मिळालं, आणि आईबापाच्या अर्जावर मुलग्यालाही मिळालं, तर त्या मुलग्याला वयात आल्यावर सुमारे दोन वर्षं सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी लागते. ती टाळली, तर त्याच्या भविष्यातल्या अर्जांवर कायमचा परिणाम होतो. ही मागणी गैर नाही. देश जर सामावून घेणार असेल, तर तो काही मागणारच. गैर इतकंच, की अनेक आईबाप मुलगा सहा वर्षांचा असताना अर्जावर सही करतात आणि या अटीचा अर्थ त्यांना तो सोळा वर्षांचा झाल्यावर उमगतो.

कागद मजबूत असला म्हणजे झालं, असा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह होईल. तो चुकीचा ठरेल. कोकणातल्या बेने इस्रायली कुटुंबांचा अनुभव त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. इस्रायलच्या १९५०च्या कायद्यानं जगातल्या कोणत्याही ज्यूला येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला. अलिबाग, पेण, मुंबईतून गेलेल्या या मराठीभाषकांना कागद जवळजवळ पहिल्याच दिवशी मिळाला. पण १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लग्नाची वेळ आली, तेव्हा तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या ज्यू असण्याचीच तपासणी मागितली. पिढ्यानपिढ्या शनिवार पाळणाऱ्या माणसांना पणजी कोण होती, याचा पुरावा द्यावा लागला. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि १९६४ साली इस्रायली संसदेनं ते सर्व बाबतींत समान ज्यू असल्याचं जाहीर केलं. कागदानं त्यांना अपमानापासून वाचवलं नाही. मात्र रस्त्यावर उतरून भांडताना ते नागरिक म्हणून भांडले. त्यांना कुणी विमानात बसवून परत पाठवू शकलं नाही. कागदाचा खरा उपयोग इथे दिसतो.

आयर्लंडनं २०१७ साली लिओ वराडकर यांना पंतप्रधान केलं. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. त्याच आयर्लंडमध्ये २०२५च्या उन्हाळ्यात डब्लिन परिसरात भारतीयांवर हल्ले झाले, आणि निर्जन भागात जाणं टाळावं, अशी सूचना भारतीय दूतावासाला काढावी लागली. मग आयर्लंड परक्यांना आपलं म्हणतं की नाही? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि कोणत्याही देशाला एका आकड्यात बसवण्याचा खटाटोप इथेच फसतो. समाजाचा कल वाऱ्यासारखा फिरतो. जर्मनीतही फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणारा पक्ष वीस टक्क्यांहून अधिक मतं घेऊन दुसरा आला.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नांना आणखी एक जोडायला हवा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा मानायला हवा: देशानं नियम बदलले, तर आधीच आलेल्यांचं काय होतं?

ब्रिटननं याचं एक ठळक उदाहरण घालून दिलं आहे. अत्यंत कुशल लोकांसाठीच्या योजनेत हजारो जण, त्यांत भारतीय मोठ्या संख्येनं, नोकऱ्या सोडून, घरं आवरून तिथे गेले. नोव्हेंबर २००६मध्ये सरकारनं मुदतवाढीचे निकष एकाएकी कडक केले आणि ते आधीच पोहोचलेल्यांनाही लावले. या लोकांनी संघटना काढून न्यायालयात दाद मागितली. एप्रिल २००८मध्ये उच्च न्यायालयानं निकाल दिला, की ज्या अटींवर ही माणसं आली, त्या मध्येच बदलणं अन्यायाचं आहे. परकीय नागरिकांनी सरकारविरुद्ध खटला लढवला आणि जिंकला. देशाची परीक्षा घ्यायची, तर ती अशा जागी घ्यावी.

ब्रेक्झिटच्या वेळी हेच पुन्हा दिसलं. १९६१च्या १९ डिसेंबरपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. तो पासपोर्ट घेऊन अनेक गोवेकर पोर्तुगालला न जाता थेट स्विंडनसारख्या इंग्लिश शहरांत गेले. २०२०च्या अखेरीस युरोपीय नागरिकांचा ब्रिटनमध्ये मुक्तपणे येण्याचा हक्क संपला. पण तोवर येऊन राहिलेल्यांना वेगळ्या योजनेखाली राहण्याचा हक्क मिळाला. दार बंद झालं, आत असलेले आतच राहिले. मे २०२५मध्ये ब्रिटिश सरकारनं कायम वास्तव्याची मुदत पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. तो आधी आलेल्यांना लावायचा की नाही, या एका मुद्द्यावर त्या देशाची विश्वासार्हता पुन्हा पणाला लागली.

हा विचार महाराष्ट्रात आता केवळ घराघरांत होऊन भागणार नाही, कारण माणसं पाठवण्याच्या कामात सरकार स्वतः उतरलं आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, चालक, हॉटेलातले कर्मचारी अशी त्यांची यादी. कल्पना चांगली आहे, आणि वर दिलेल्या कारणांमुळे देशाची निवडही चांगली आहे. मात्र जाहिरातीत पगाराचा आकडा ठळक छापला जातो आणि बाकीचं मोघम राहतं. सांगलीच्या नर्सला निघण्यापूर्वी मराठीत, लेखी, काही गोष्टी कळल्या पाहिजेत. तिच्या पदवीला तिथली मान्यता मिळेपर्यंत ती नर्स म्हणून नव्हे, तर मदतनीस म्हणून काम करेल आणि पगारही त्याच दर्जाचा असेल. मान्यतेसाठी साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते; ती परीक्षा हुकली, तर पुढच्या प्रयत्नाचा खर्च कुणाचा? मालक बदलायचा झाला, तर दंड भरावा लागेल का? नवरा आणि मूल केव्हा येऊ शकतील, किती खोल्यांचं घर दाखवावं लागेल, आणि साठ महिने पूर्ण होण्याआधी ती परतली, तर तिच्या निवृत्तिवेतनाच्या भरण्याचं काय? यांतली बरीच उत्तरं तिथल्या कायद्यात लिहिलेली आहेत. ती करारपत्राला जोडून प्रत्येक उमेदवाराच्या हातात देणं, आणि सही करण्यापूर्वी तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेणं, हे पाठवणाऱ्या राज्याचं काम आहे.